तांत्रिकदृष्ट्या डबकं

"चंद्रे, पान्याला पाय लावीत जा. मानसं उतरायची थांबली ना, का बावखलाचं डबकं होतं."

पुतळाबाई हे सांगून गेल्या त्याला बरीच वर्षं लोटली. त्यांचं माहेर मिठागराकडचं, त्यामुळे 'पानी' आणि 'मानूस' तोंडात कायमचे. आवाज असा, की पापडीच्या वाडीत या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या केळींनी मान हलवावी. त्यांच्या सुनेचा, चंद्रकांताबाईंचा, आवाज मात्र समईच्या ज्योतीएवढा. जवळ गेल्याशिवाय आहे की नाही ते कळायचं नाही. "हो आई," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. सासूबाईंना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. देवाला गेलं असणार, आणि देवाला ऐकू गेलेला शब्द मागे घ्यायची सोय चुरींच्या घरात नव्हती.

एरवी शब्द पाळण्याच्या बाबतीत चंद्रकांताबाईंचा हात धरणारं पापडीत कोणी नव्हतं. सोमवारी अळणी, मंगळवारी एकभुक्त, गुरुवारी दुपारपर्यंत मौन, शनिवारी मारुतीला तेल. त्यांचे यजमान विठ्ठलराव पतपेढीतून निवृत्त झाल्यापासून वार विसरत, पण आमटीचा पहिला घास घेतला की त्यांना वार बरोबर आठवे. गुरुवारचं मौन सुटायचं ते घड्याळावर नाही, दुपारच्या चर्चच्या घंटेवर. ही पद्धतही पुतळाबाईंचीच. "देवाची घंटा ती देवाची घंटा, कुठं का वाजंना," असं त्यांचं मत होतं. घंटा झाली की कुंपणापलीकडे इनेझबाय हातातलं काम ठेवून छातीवर क्रूस काढत, आणि कुंपणाअलीकडे चंद्रकांताबाईंचा दिवसातला पहिला शब्द उमटे. तो बहुधा "इनेझबाय, कढीपत्ता आहे का?" असा असे.

अशा बाईंनी सासूला दिलेला शब्द कसा पाळला होता, हे मात्र जरा हळू आवाजात सांगायला हवं. बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारा खोदलेला पाणवठा, घराच्या मागेच होतं. केळी आणि अळूच्या मधून वाट जायची, मग काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली हिरवट, शांत पाणी. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात विठ्ठलरावांनी नव्या नवरीवर छाप पाडायला सांगितलं होतं, "ह्याला तळ नाही बरं का. आमच्या आजोबांनी सात खाटांच्या सुतळ्या जोडून सोडल्या होत्या. लागला नाही." छाप पडली. इतकी पडली की चंद्रकांताबाई त्यानंतर शेवटच्या कोरड्या पायरीच्या खाली कधी गेल्याच नाहीत. दर एकादशीला त्या तांब्या घेऊन जात, आधी पाण्याला नमस्कार करत, मग वाकून तांब्या भरत आणि कोरड्या पायरीवर उभ्या राहून तो स्वतःच्या पायांवर ओतत. झाला पाण्याला पाय लावून. म्हणजे, पाणीच पायाकडे आलं होतं. पण कोणी कोणाकडे जायचं हे सासूबाईंनी कुठे सांगितलं होतं? असा युक्तिवाद त्या स्वतःशी करत, आणि घरी येऊन जपाची एक माळ जास्त ओढत.

यंदा मे महिन्यात मनवेलपाड्याहून पूर्वी नावाच्या नातीचा फोन आला. तिला सुट्टीत वॉटर पार्कला जायचं होतं.

"वॉटर पार्क?" विठ्ठलराव फोनमध्ये ओरडले. फोनवर ते नेहमीच असे बोलत, मधलं अंतर आपणच कापायचं असल्यासारखे. "तिकीट काढून अंगावर पाणी उडवून घ्यायचं? इथे ये. केळीच्या खांबांचा तराफा करतो आणि बावखलात सोडतो तुला. तुझ्या वयाचे असताना आम्ही जेवायलासुद्धा बाहेर येत नव्हतो."

"आजोबा, प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

देवघरात चंद्रकांताबाईंच्या हातातली माळ थांबली. या घरात शब्द फार सहज दिले जात होते, आणि ते पाळायला मात्र नेहमी एकच माणूस असायचं.

आता तराफा म्हणजे काय, तर चार केळीचे खांब. घड उतरवला की खांबाला कोणी विचारत नाही. दुपारच्या चहाच्या आधी काम संपलं असतं. पण विठ्ठलरावांनी पतपेढीत सगळं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज 'त्रुटी आहेत' असा शेरा मारून परत करण्यात घालवलेलं. विनापरवाना पाण्यात काही सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"उद्या काही झालं तर?" ते म्हणाले.

"काय होणार आहे?"

"ते माहीत नाही. म्हणून तर परवानगी!"

शेजारच्या फ्रान्सिस मास्तरांनी, म्हणजे इनेझबायच्या यजमानांनी, कुंपणावर कोपर टेकवून सल्ला दिला की परवानगीच्या भानगडीत पडू नका, खांब तोडा, बांबूच्या खुंट्या ठोकून एकमेकांत अडकवा आणि मोकळे व्हा. मास्तर शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे पाण्याविषयी ते अधिकाराने बोलत. खुंट्या कशाला, मी दोरीने बांधीन, असं विठ्ठलराव म्हणाले. दोरी सुटते, असं मास्तर म्हणाले. "मी बांधलेली एक गाठ आयुष्यात सुटली नाही," असं विठ्ठलराव म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले. चंद्रकांताबाई बरोबर गेल्या. ते रागावले की त्यांना कोणीतरी हळूच 'अहो' म्हणायला लागायचं.

माणिकपुराकडच्या एका कार्यालयात नेमक्या खिडकीपाशी पोचेपर्यंत तीन चुकीच्या खिडक्या पालथ्या घालून झाल्या होत्या. चौथ्या खिडकीतल्या बाई मायाळू होत्या. त्यांनी "बसा काका" म्हटलं, आणि सगळा घोळ त्यानंतरच झाला. चंद्रकांताबाई मागच्या बाकावर बसून पदराआड जप करत होत्या, पण कान पुढेच होते.

"कसली परवानगी?"

"तराफा सोडायचा आहे. बावखलात."

"कशात?"

"बावखलात."

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तसं काही येत नाही इथे. विहीर आहे का?"

"विहीर कशी असेल? विहिरीत तराफा सोडतात का?"

"मग तलाव?"

"तलाव गावाचा असतो. हे आमचं आहे. म्हणजे आमचं आणि शेजारच्यांचं."

"नाला टाकू का?"

विठ्ठलरावांच्या छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. "अहो बाई, नाला वाहतो! बावखल वाहत नाही. पावसाचं गोडं पाणी येतं, आणि आहे तिथेच राहतं. आसपासच्या विहिरींना झरे त्याचेच. बाराही महिने असतं."

"म्हणजे साचलेलं पाणी."

इथे खरं तर पाठीमागून 'अहो' यायला हवं होतं. आलंही; पण समईच्या ज्योतीएवढं. विठ्ठलराव क्षणभर विचारात पडले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि अर्धवट खरं बोलण्याचा तिटकारा होता.

"तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "हो."

बाईंनी आनंदाने काहीतरी दाबलं. इतक्या वेळाने त्यांना रकाना सापडला होता.

रिक्षात बसताना विठ्ठलराव खुशीत होते. "बघितलंस? नीट समजावून सांगितलं की सरकारी माणसाला पटतं." पापडी यायच्या आत त्यांच्या मोबाइलवर संदेश आला. चष्मा सापडेना म्हणून तो चंद्रकांताबाईंनी वाचला. साचलेल्या पाण्याच्या डबक्याविषयी आपली तक्रार नोंदवली आहे, जागरूक नागरिक म्हणून आपले आभार, गुरुवारी डास निर्मूलनाचे निरीक्षक पाहणीला येतील.

"तक्रार? कोणाविरुद्ध?"

चंद्रकांताबाईंनी खाली पाहिलं. जागेचा ताबा असलेल्या माणसाचं नाव तिथे होतं. "तुमच्याच," त्या म्हणाल्या.

स्वतःविरुद्ध तक्रार करून स्वतःच सरकारी आभार मिळवणारा माणूस पापडीत आजवर झाला नव्हता.

संध्याकाळी निरीक्षकांचाच फोन आला. विघ्नेश नावाचा तरुण मुलगा, बोलायला गोड. "सर, टेन्शन नका घेऊ, रुटीन आहे. फक्त एक सांगा, ते पाणी यूजमध्ये आहे ना? म्हणजे कोणी उतरतं वगैरे? काय आहे, माझ्याकडे दोनच ऑप्शन येतात. वापरातलं पाणी असेल तर मी गप्पी मासे सोडतो आणि जातो. वापरात नसेल तर 'बुजवणे' टाकावं लागतं. शेजारी त्या रस्त्याच्या कामाची डेब्री पडलीये ना, ते लोक जागाच शोधतायत. दोन ट्रकमध्ये प्लेन करून देतील. फ्री."

'फ्री' हा शब्द त्याने फार प्रेमाने उच्चारला.

चंद्रकांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. फोन बंद झाला तरी त्यांच्या कानात कोणीतरी बोलतच होतं, आणि ते विघ्नेश नव्हता. माणसं उतरायची थांबली, की डबकं होतं. शाळेमागचं बावखल असंच गेलं होतं. त्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात, आणि दर पावसाळ्यात त्या गाड्यांखाली पाणी येऊन आपली जुनी जागा शोधत फिरतं. त्या बावखलाला 'वापर नाही' असं म्हणायला कोणी परका आला नव्हता. तिथेही कोणीतरी कोरड्या पायरीवरूनच परत फिरत असणार.

दुसऱ्या दिवशी चुरींच्या ओट्यावर सभा भरली. वापर दाखवायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणी, एवढाच प्रश्न होता. इनेझबायच्या सुनेने, फ्लॉसीने, पाण्यातली झुंबा सुचवली. ती स्वतः त्या दिवशी ऑफिसला असणार होती. मास्तर गळ टाकून बसायला तयार होते, पण पाण्याच्या जवळ नको, सर्दी होते. लांबून टाकला तर चालेल का?

"लांबून म्हणजे कुठून?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"आमच्या ओट्यावरून."

"मास्तर, तेवढ्या लांब गळ टाकला तर आमची कोंबडी लागेल."

"मी उतरले असते बाबा," इनेझबाय गुडघा दाबत म्हणाल्या, "पण हा गुडघा. तुम्ही का नाही उतरत, विठ्ठलभाऊ? दिवसभर बाहेर येत नव्हतात ना?"

"ब्लडप्रेशर," विठ्ठलराव छताकडे बघत म्हणाले.

शेवटचं कोण कधी उतरलं होतं, हे आठवायचा प्रत्येकाने प्रयत्न केला, आणि कोणालाच आठवलं नाही. हे सगळे त्या पाण्यावर वाढलेले लोक. त्याची स्तुती करायची तर त्यांनी दिवस दिवस केली असती. चंद्रकांताबाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि त्यांनाही आपल्याकडे कोणी पाहू नये असंच वाटत होतं.

शेवटी ठरलं की तराफा करायचा, पाण्यात सोडून ठेवायचा, आणि वर कोणी नसलं तरी 'आत्ताच उतरले' असं सांगायचं. इनेझबायनी सुचवलं की गुरुवारी चंद्राबायनेच गोड बोलून त्या मुलाला गुंडाळावं.

"गुरुवारी माझं मौन असतं."

"एक दिवस सोड."

"ते सोडायचं नसतं गं."

"मग कोण बोलणार? हे दोघं? काल एकाने बोलून काय केलं ते बघितलं ना!"

गुरुवारी सकाळी तराफा तयार झाला. चार जाडजूड खांब, पांढऱ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेले, आणि तशाच दोरीने काठावरच्या भेंडीच्या मोठ्या झाडाला अडकवलेले. मास्तरांनी बांबूच्या खुंट्या कापून आणल्या होत्या, त्या विठ्ठलरावांनी सन्मानाने बाजूला ठेवल्या. मास्तर गाठींवरून बोट फिरवत म्हणाले, "ही कसली गाठ?"

"फायलीची," विठ्ठलराव म्हणाले. "फायलींचे गठ्ठे मी असेच बांधायचो. कितीही आपटा, सुटत नाही."

हे खरं होतं. फायलीची गाठ आपटून सुटत नाही. तिला एक टोक मोकळं ठेवलेलं असतं, साहेबाला घाईत कागद लागला तर ओढायला, आणि ते ओढलं की सगळा गठ्ठा एका क्षणात मोकळा होतो. पण हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही, बांधणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

आता नवं वाहन म्हटलं की त्याची पूजा आली. स्कूटर असो, फ्रिज असो, कुंकू लावल्याशिवाय चुरींच्या घरात काही चालू होत नसे. निरीक्षक यायला अवकाश होता, पुरुषमंडळी रस्त्याकडे तोंड करून, त्याला काय सांगायचं यावर भांडत होती. चंद्रकांताबाई तबक घेऊन आल्या: निरांजन, हळदकुंकू, फुलं, छोटी घंटा. काठावरून वाकून तराफ्याच्या पुढच्या टोकाला हात पोचेना. तो काठाला घट्ट टेकलेला होता, खालची पायरी दिसत होती, दोरी जाड होती. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि एक पाय तराफ्यावर ठेवला. मग दुसरा. मांडी घालून बसल्या. नीट टोकाला कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मागे सरकताना कशात तरी अडकलेला पदर सोडवून घेतला.

पदर भेंडीला बांधलेल्या दोरीच्या मोकळ्या टोकात अडकला होता.

आधी त्यांना वाटलं, भेंडीचं झाड मागे चाललंय. मग लक्षात आलं की झाडं असं करत नाहीत. वारा सुरूच्या बनाकडून येत होता, मंद, सुखाचा; एरवी त्यांनी त्याचं कौतुक केलं असतं. तराफा काठाकाठाने न जाता सरळ मध्याकडे निघाला, जिथे सात खाटांच्या सुतळ्या कमी पडल्या होत्या.

गुरुवार. घंटा अजून झालेली नाही. हाक मारायची नाही.

त्यांनी हात हलवून पाहिला. काठावर सगळ्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. टाळी वाजवावी तर हातात पेटलेलं निरांजन. शेवटी त्यांनी तबकातली घंटा उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग इतकी जोरात की झाडावरचा खंड्या उडाला.

काठावर विठ्ठलराव वळले, पण पाण्याकडे न बघताच डोळे मिटले, हात जोडले, आणि म्हणाले, "आरती सुरू झाली वाटतं." लगेच त्यांनी सूर लावला. मास्तरांनी टोपी काढून छातीशी धरली. शेजाऱ्याची प्रार्थना चालू असताना ते नेहमी तसंच करत. इनेझबाय लंगडत पुढे आल्या आणि टाळ्यांचा ठेका धरला. जितकी घंटा जोरात वाजे, तितका सूर चढे. दुसरं कडवं संपता संपता विठ्ठलरावांनी डोळे उघडले. समोर पाण्याच्या मधोमध त्यांची पत्नी, पिवळ्या साडीत, एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात घंटा, डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत तरंगत होती.

"अगं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच समईएवढा झाला. "तिकडे तळ नाही."

नेमकं तेव्हाच वाडीच्या वाटेने विघ्नेश आला, पाठीला सॅक, हातात गप्पी माशांची पिशवी. तो थबकला.

"ह्या काकी कोण?"

मग इनेझबाय पुढे झाल्या. "आमच्या चंद्राबाय. पूजेला जातात."

"मध्ये?"

"मध्येच. दर गुरुवारी." आणि मग, मान खाली घालून, अगदी हळू, "कन्फेशनला फादरना सांगावं लागणार हे."

"बोलत का नाहीयेत?"

"मौन आहे," मास्तर म्हणाले. ते मात्र खरं होतं, आणि ते सांगताना मास्तरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी ते दोनदा सांगितलं.

विघ्नेशने मोबाइल काढून फोटो घेतला. चंद्रकांताबाईंनी त्याच्याकडे बघून, सभ्यपणा म्हणून, किंचित मान हलवली. तेवढ्याने तोल गेला. तबक घसरलं, घंटा सुटली, आणि आधाराला जे काही हाताला लागलं ते त्यांनी घट्ट धरून ओढलं. ते तराफ्याच्या दोरीचं मोकळं टोक होतं.

गठ्ठा सुटावा तसा तराफा सुटला. चार खांब चार दिशांना, जणू प्रत्येकाला वेगळ्या खात्याकडे पाठवलं आहे. मध्ये पिवळी साडी क्षणभर फुग्यासारखी फुगली आणि नाहीशी झाली.

मास्तरांच्या हातातली टोपी पडली. विठ्ठलराव मात्र, ज्यांना ब्लडप्रेशर होतं आणि तळ नसल्याची खात्री होती, चष्मा, घड्याळ आणि चपलांसकट पायऱ्या उतरून पाण्यात शिरले, आणि "चंद्रा! चंद्रा!" अशा हाका मारत, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत, आपण पोहतो आहोत अशा समजुतीने जोरजोरात चालू लागले.

ते मध्यावर पोचायच्या आत चंद्रकांताबाई उभ्या राहिल्या.

सरळ. पाणी कमरेला. केसांत शेवाळ, कपाळावर कुंकू पसरलेलं, पण निरांजन अजून हातातच. विझलेलं, पण हातात. पाय पोटऱ्यांपर्यंत थंडगार, मऊ चिखलात रुतले होते, आणि त्या चिखलाखाली काहीतरी टणक, शांत, भरवशाचं होतं. त्यांनी एका पायाने चाचपलं. मग दुसऱ्या. ते दोन्ही पायांना लागलं.

त्यांचं तोंड उघडलं. आणि मिटलं.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. विठ्ठलराव कमरेइतक्या पाण्यात दोन हात पसरून उभे होते. विघ्नेशच्या पिशवीतले मासे गोल फिरत होते. मग चर्चच्या मनोऱ्यातून दुपारची घंटा सुरू झाली. इनेझबायनी क्रूस काढला. शेवटचा ठोका हवेत विरेपर्यंत चंद्रकांताबाई थांबल्या, आणि मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"अहो, तळ आहे."

विठ्ठलरावांना हसू आलं की रडू, ते त्यांना स्वतःलाच कळलं नाही. त्यांच्या तोंडावर पाणी होतंच, त्यामुळे बाकीच्यांनाही कळलं नाही. "आजोबांनी सोडल्या होत्या सुतळ्या," ते पुटपुटले.

"सोडल्या असतील. नीट ओढून बघितलं नसेल."

इनेझबाय एकदम हसायला लागल्या, गुडघा धरून खाली बसल्या आणि तिथेच हसत राहिल्या. मास्तर म्हणाले, "खुंट्या ठोकल्या असत्या तर," आणि त्यांना कोणी पुढे बोलू दिलं नाही. दोघं नवरा-बायको एकमेकांचा हात धरून, चिखलातून पाय उपसत, हळूहळू पायऱ्यांकडे आले. लग्नानंतर दिवसाउजेडी, चारचौघांत, हात धरून चालण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि तीही सरकारी माणसासमोर.

"खोली मोजायला माझ्याकडे काठी होती काकी," विघ्नेश फार आदराने म्हणाला. "ॲक्चुअली गरज नव्हती एवढं करायची." त्याने मोबाइलवर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. पाणी वापरात आहे. वापर धार्मिक, तसेच करमणूक. खोली कमरेएवढी. "कोणाच्या कमरेएवढी?" त्याने विचारलं. "चंद्राबायच्या," इनेझबाय म्हणाल्या, आणि त्याने तेही लिहिलं. मग त्याने मासे सोडले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "तेवढं चालू ठेवा मात्र. पावसाळ्याआधी मी परत चक्कर मारतो. दर गुरुवारी ना?"

इनेझबाय कपात बघू लागल्या.

"हो," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "दर गुरुवारी."

रविवारी पूर्वी आली. तराफा पुन्हा बांधला होता, या वेळी बांबूच्या खुंट्यांनी. विठ्ठलरावांनी त्या स्वतः ठोकल्या आणि मास्तरांना फक्त धरायला दिल्या, म्हणजे दोघांचंही समाधान झालं. पूर्वी संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. जेवायलासुद्धा नाही. रस्त्याच्या कामाची डेब्री कोणीतरी दुसरीकडे नेली. कुठे ते चंद्रकांताबाईंना कळलं नाही, आणि त्याची त्यांना थोडी काळजीही वाटली.

मग गुरुवार आला. सकाळी पूजा आटोपून त्यांनी देवाला नमस्कार केला, पुतळाबाईंच्या तसबिरीला केला, आणि तिथे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. कोणाला काही सांगायचं नव्हतं. सांगता येणारही नव्हतं. पदर खोचला, चपला दारातच ठेवल्या आणि मागच्या कडीचा आवाज होऊ न देता बाहेर पडल्या.

विठ्ठलराव चहा मागायला स्वयंपाकघरात आले. अळूच्या पानांमधून पिवळ्या साडीचा काठ बावखलाकडे जाताना त्यांना खिडकीतून दिसला. "अगं, विसरलीस," असं ते म्हणणार होते. पण ते थांबले, आणि चहा स्वतःच ठेवायला घेतला.

तांब्या शेगडीजवळच्या ओट्यावर उपडा होता.